रिकाम्या पातेल्याचा धडा

साबण चावला.

थोरलीने वडीवर ओलं बोट घासून जिभेच्या शेंड्याला लावलं मात्र, सेलच्या टोकाला जीभ लावल्यावर बसतो तसा झटका थेट कानशिलात गेला. ती नळाकडे धावली, खळाखळा चुळा भरल्या आणि पदराने तोंड पुसत वळली, तर धाकटी आतल्या खोलीत पलंगाखालून पिशवी ओढत होती.

"ठेव ती पिशवी."

"चावला ना?"

"चावला तर चावला. साबण आहे, साप नाही."

"मला नाहीच काही जमत, ताई. मी जाते आपली."

ही पिशवी म्हणजे एक प्रकरणच होतं. नवऱ्याचं घर सोडून धाकटी बहिणीच्या दारात आली तेव्हा तिच्या हातात तेवढीच होती, आणि एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात काहीच नाही. तेव्हापासून कप फुटला की पिशवी, दूध उतू गेलं की पिशवी. एकदा वैतागून थोरलीने ती भिंतीवरच्या खिळ्याला उंच टांगली, तर धाकटी ती काढायला स्टुलावर चढली, स्टुलाचा पाय मोडला, आणि स्टूल मोडलं म्हणून पुन्हा पिशवी. हसावं की रडावं कळेना. पण परत जायचं म्हणजे कुठे, ते थोरलीला ठाऊक होतं. धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत. ड्रॉवरमध्ये अडकली होती, असं ती सांगायची. बोटं काही आपली आपण ड्रॉवरमध्ये अडकत नाहीत. ड्रॉवर कोणीतरी लोटावा लागतो, आणि तोही जीव लावून. या खेपेला परत गेली तर ही बाई जिवंत हाती लागायची नाही, हे थोरली मनाशी धरून होती. तोंडाने बोलत नव्हती एवढंच.

धाकटीचा नवरा कुलूपवाला. कोणाची किल्ली हरवो, कोणाची तिजोरी अडून बसो, बोलावणं त्याला. हात कसे, तर फुलं वेचणाऱ्याचे. आवाज कधी चढला नाही. आळीतली माणसं म्हणत, असा नवरा मिळायला नशीब लागतं. धाकटी पळून आल्यावर थोरलीने दाराला नवंकोरं कुलूप लावलं, तर एका सकाळी ते कुलूप उंबऱ्यावर काढून ठेवलेलं. पुसलेलं, तेल घातलेलं. दार हलकेच लोटून घेतलेलं. आत आला नव्हता, नुसता निरोप ठेवून गेला होता. त्याच दिवशी थोरली सुताराकडे गेली आणि आतून आडवा टाकायचा जाडजूड लाकडी अडसर करून आणला. अडसराला किल्लीचं भोक नसतं.

साबण करायला थोरली कोणाकडे शिकली नव्हती. भाजून घेत, घाण्यामागून घाणे वाया घालवत शिकली. तिच्या मते साबण म्हणजे कॉस्टिक सोडा आणि तेल यांचं लग्न. माप बरोबर पडलं की दोघंही एकमेकांत विरून जातात आणि तिसरंच काही चांगलं तयार होतं. कॉस्टिक जास्त झालं तर ते मोकळं उरतं आणि समोर येईल त्याची कातडी सोलतं. माणसांची लग्नं लावताना हा वजनाचा काटा कोणी बाहेर काढत नाही, ही गोष्ट वेगळी.

हा घाणा पाळणाघरासाठी होता. पाळणाघरवाल्या बाईंना लहान मुलांचे हात धुवायला सौम्य, बिनवासाच्या वड्या हव्या होत्या. आणि हा पहिलाच घाणा थोरलीने पूर्णपणे धाकटीवर सोपवला होता. तेल मोजण्यापासून साच्यात ओतण्यापर्यंत सगळं तिचं. एकदा हिच्या हातून एक गोष्ट नीट पार पडली की पिशवी सुटेल, असा तिचा हिशेब. आणि वड्या निघाल्या त्या खडूसारख्या, सुरी लावली की भुगा पडणाऱ्या, वर पांढरा खार फुटलेल्या, आणि चावऱ्या.

"इकडे ये, बस," थोरली म्हणाली. "बिघडलेला साबण फेकत नाहीत. किसायचा, थोड्या पाण्यात शिजवायचा, कमी पडलं असेल ते तेल घालायचं. चावा जातो. पण काय चुकलं ते नेमकं कळायला हवं. अंदाजे तेल ओतलं तर वडीचा शेंबूड होईल."

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पिशवी पोटाशी.

"तेलाचा डबा बघितला मी. असायला हवं त्यापेक्षा जास्त तेल शिल्लक आहे. म्हणजे घाण्यात तेल कमी पडलं, पण नेमकं किती ते डब्यावरून कळत नाही. धडा केला होतास ना?"

धाकटीचा चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला.

"केला, केला."

रिकाम्या भांड्याचं वजन आधी काट्यावरून उतरवून टाकायचं आणि मग आत माल घालायचा, याला धडा करणं म्हणतात. पूर्वी वाणी तराजूच्या एका पारड्यात गिऱ्हाइकाची बरणी ठेवी, दुसऱ्यात खडे टाकून पारडी सारखी करी, आणि मग तेल ओती. थोरलीच्या काट्याला आता नुसतं बटण होतं. भांडं ठेवून ते दाबलं की आकडा शून्यावर. पण तिच्या तोंडातून शब्द यायचा तो धडाच. घाणा घातला त्या दिवशीही ती मागच्या अंगणात साचे धूत होती आणि तिथूनच तिने ओरडून विचारलं होतं, "धडा केलास का गं?" आणि आतून असंच उत्तर आलं होतं, "केला, केला!"

"धडा केला असतास तर तेल कमी पडलं नसतं, बाळा. काट्याने पातेल्यालाच तेल समजून मोजलं."

"मग नसेल केला."

"नसेल की नाही?"

"नाही केला." धाकटी थोरलीच्या तोंडाकडे बघत होती. उत्तर तिच्या आठवणीत नव्हतं, थोरलीच्या कपाळावर होतं, आणि ते वाचून मगच ती बोलत होती.

"बरं, झालं. कोणत्या पातेल्यात मोजलंस? जाड बुडाचं की हलकं?"

धाकटीने ओट्यावर पालथ्या घातलेल्या दोन्ही पातेल्यांकडे पाहिलं. जाड बुडाचं पातेलं म्हणजे एका हाताने उचलायची सोय नाही असं धूड. हलकं फुंकरीने उडेल.

"हलकं," ती म्हणाली.

थोरलीला हायसं वाटलं. चूक लहान होती. हलक्या पातेल्याचं वजन केलं, तेवढं खोबरेल डब्यातून काढायचं ठरलं, पण मग पुढच्या घाण्याला ते पुरेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून ती दोन पिशव्या तेल घेऊन आली, हात भरलेले म्हणून दार टाचेने लोटलं, पुन्हा बसवलेलं कुलूप आपोआप खट्कन बसलं, आणि तशीच आत गेली. अडसर भिंतीला टेकून उभा राहिला.

मग सुरू झाली किसणी. वड्या फोडायच्या, किसणीवर घासायच्या. दोघींनी हातमोजे चढवले, तोंडाला फडकी बांधली, तरी बारीक भुकटी नाकात जाऊन डोळ्यांना धारा लागल्या. धाकटी अशी घासत होती की जसं कोणी मागे लागलंय. मोजा फाटला, बोटाचं सालटं निघालं, रक्ताचा थेंब किसावर पडला, आणि कॉस्टिक त्या जखमेत शिरल्यावर ती जागच्या जागी उडाली; पण तोंडातून हूं की चूं नाही.

"अगं ओरड की! भाजलं की माणूस ओरडतो!"

"नाही एवढं काही."

थोरलीने तिचा हात नळाखाली धरला. पाणी लालसर वाहत राहिलं. मनगटावर जुने डाग होते, गोल, विडीच्या टोकाएवढे. आजवर बाहीखाली होते.

"आणि हे? हेपण ड्रॉवरनेच केलं?"

धाकटीने दुसऱ्या हाताने बाही खाली ओढली.

किस मोठ्या टोपात गेला, वर पाणी, खाली मंद आच. तासाभरात तो वितळून खळ शिजावी तसा फदफदू लागला. थोरलीने मोजून तेल घातलं. ढवळलं, ढवळलं, हाताला गोळे आले. मग डावाने जरासा काढला, बशीत पसरून निववला, बोट लावलं, जिभेला लावलं.

चावला. पहिल्यापेक्षा कमी, पण सणसणून चावला.

मागे पिशवीची चेन वाजली.

आता थोरलीचंही माणसाचंच मन. सकाळपासून जीभ भाजली होती, खांदे भरून आले होते, आणि तेल वाया. तिचं डोकं सटकलं. गरम डाव हातात तसाच धरून ती गर्रकन वळली आणि ओरडली, "खोटं बोललीस ना? खरं सांग! खरं सांग आधी!"

धाकटी खाली बसली. बसली म्हणजे घडी झाली. पिशवी डोक्यावर, कोपरं कानांवर, गुडघे पोटात. कुठून फटका आला तर कुठे लागेल आणि कुठे कमी लागेल, याचा जिला पक्का सराव झालाय, तिची घडी.

डावातून साबणाचा गोळा पटकन जमिनीवर पडला. थोरलीने आपल्या वर उचललेल्या हाताकडे पाहिलं. मग हात सावकाश खाली घेतला, कारण घाईने घेतला असता तर ती आणखी दचकली असती.

"मी मारणार नव्हते गं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका लागला.

"माहितेय," पिशवीखालून उत्तर आलं. घडी काही उलगडली नाही.

आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "ताई, गॅस बारीक करा. करपतंय."

दाराचा आवाज झालाच नव्हता. तोच तर त्याचा धंदा. कुलूपवाला स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला अवजारांची पिशवी, आणि बूट पायपुसण्यावर पुसत होता, एकदा डावा, एकदा उजवा. कुलूप हातात होतं. त्याने ते ओट्यावर ठेवलं.

"स्वस्तातलं घेऊ नका हो. पैसे फुकट जातात."

"जावईबापू," थोरली म्हणाली, "आल्या पावली परत फिरा."

"फिरणारच आहे." त्याने खाली पाहिलं. "अरे वा, पिशवी भरलेलीच आहे. उगाच म्हणतात लोक, बायकांना वेळ लागतो." मग खांद्यावरची पिशवी उतरवून त्याने खाली ठेवली, मनगटावरचं घड्याळ सोडून कुलपाशेजारी ठेवलं, आणि मास्तर पुस्तक उघडतो त्या शांतपणे म्हणाला, "पण आधी धडा. पाठ केला होतास ना धडा? का विसरलीस?"

"केला, केला," धाकटी जमिनीवरून म्हणाली.

थोरलीने ते ओळखलं. तोच सूर. तेच दोन शब्द, तीच घाई. त्या दिवशी अंगणातून तिने विचारलं होतं पातेल्याबद्दल. आतून उत्तर गेलं होतं ते या माणसाला. साबणाची चूक काट्यावर झालीच नव्हती. ती फार आधी झाली होती, कुठल्यातरी बंद खोलीत, या शांत आवाजाखाली.

"मग म्हणून दाखव," तो म्हणाला, आणि तिच्या केसांत हात घालून त्याने तिला उभं केलं, आणि तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं.

आवाज अगदी लहान झाला, कप बशीत ठेवावा एवढा. ओट्यावर रक्त उडालं, आणि त्यात काहीतरी पांढरं घरंगळलं. दात होता तो.

थोरलीने डाव टोपात बुडवला आणि भरलेला तसा त्याच्या मानेवर हाणला. उकळता साबण त्याच्या कानावर, कॉलरमध्ये गेला. थोडा तिच्याही दंडावर उडाला. तो गुरासारखा ओरडला. त्याचा चढलेला आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. दुसऱ्या क्षणी त्याची मूठ तिच्या पोटात बसली. ती किसणीवर पडली, किसणी तिच्या पाठीखाली चेपली, आणि बुटाची लाथ बरगडीत आली. मग दुसरी, पहिल्याच जागी. माणूस कामाचा पक्का. थोरलीला श्वास घेता येईना. जमिनीवरून तिला वरच्या फळीवरचा कॉस्टिकचा डबा दिसत होता, आणि तो उघडून कुठे ओतायचा हेही तिला क्षणभर स्वच्छ दिसलं. पण त्याच्या तोंडापुढे धाकटीचं तोंड होतं, आणि फळीपर्यंत हात पोचायला आधी उभं राहता यायला हवं होतं.

"या हाताने कडी काढून पळालीस ना?" त्याने धाकटीचा उजवा हात पकडला होता, वाकड्या बोटांचा, आणि तो टोपाकडे ओढत होता. आता त्याचा आवाज पुन्हा जागेवर आला होता. कानामागचं कातडं सोलून लोंबत होतं तरी. "या हाताला धडा नीट पाठ झालेला नाही. घाल आत. घाल. मी मोजतो."

हात टोपावर आला. वाफेने बोटं आखडली. धाकटीचा डावा हात ओट्यावर मागे मागे चाचपडत गेला, आधी त्याला लागलं हलकं पातेलं. ते खाली पडलं आणि खणखणत, गोल गोल फिरत राहिलं. त्या आवाजाने कुलूपवाल्याने मान वळवली, हसला. आणि तोल सांभाळायला मोकळा हात ओट्याच्या कडेवर टेकला.

दुसऱ्यांदा हाताला लागलं ते जाड बुडाचं. एका हाताने उचलायची सोय नाही असं धूड. ते तिने एका हाताने उचललं.

पहिला घाव ओट्यावरच्या मनगटावर. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज आला, आणि फुलं वेचणारी ती बोटं उलटीकडे वळली. त्याने तिचा हात सोडला, डोळे मोठे केले, काहीतरी विचारायला तोंड उघडलं. दुसरा घाव त्या तोंडावर. गालाचं हाड खचलं. तो भिंतीवर आदळला आणि सरकत खाली बसला. आता पातेलं तिच्या दोन्ही हातांत होतं.

"हे!" धाकटी ओरडली, आणि हाणलं. "हे होतं, ताई! हे!" पुन्हा हाणलं. रक्त तिच्या फाटलेल्या ओठातून शब्दांबरोबर उडत होतं. "हलकं नव्हतं! जाड बुडाचं होतं! मी खोटं बोलले! हे होतं! हे!"

प्रत्येक "हे" ला एक. खांद्यावर, गुडघ्यावर, वाचवायला वर केलेल्या हातावर. तो आधी शिव्या देत होता, मग आई आई करत होता, मग नुसताच मार खात होता.

थोरली कशीबशी गुडघ्यांवर आली. सांगायला लाज वाटावी, पण लगेच नाही आली. दोन घाव तिने बसू दिले. मग पातेल्याचा दुसरा कान पकडून तिने सगळा भार टाकला. क्षणभर दोघी बहिणी एका पातेल्याला लटकून उभ्या.

"पुरे," ती म्हणाली. "कळलं मला. जाड बुडाचं. पुरे गं, झालं मोजून."

धाकटीने पातेलं सोडलं. मग तिने तोंड वर केलं आणि ओरडली. शब्द नाही, काही नाही, नुसती ओरडली, इतकी की शेजारची शिंपीणकाकू हातात कापडाची कात्री घेऊन उघड्या दारातून धावत आत आली आणि भिंतीशी पडलेल्या माणसावर कात्री रोखून म्हणाली, "हललास तर कापीन!"

"तो कुठला हलतोय, काकू," थोरली बरगडी धरून म्हणाली. "फोन करा. पोलिसांना, आणि दवाखान्याच्या गाडीला. आणि तो गॅस बंद करा आधी."

गाडी आली, त्याला घालून घेऊन गेली. जिवंत होता, कण्हत होता आणि माझ्या हाताचं बघा, माझ्या हाताचं बघा, एवढंच म्हणत होता. पोलीस बाई आली होती ती धिप्पाड, थकल्या डोळ्यांची. तिने ओट्यावरचं कुलूप पाहिलं, घड्याळ पाहिलं, दात पाहिला, धाकटीच्या मनगटावरचे गोल डाग पाहिले, आणि फारसं काही विचारलं नाही. तिच्याबरोबर आलेल्या शिपायाला मात्र टोपाचं भारी कुतूहल.

"खायचं आहे का हे?"

"चाखून बघा," थोरली म्हणाली. "पण जीभ परत मागू नका."

पोलीस बाईने जाड बुडाचं पातेलं फडक्यात धरून उचललं. बुडाला पोचा आला होता, कडेला रक्त आणि केस. "हे न्यावं लागेल. मुद्देमाल."

"न्या," थोरली म्हणाली. मग एकदम, "थांबा! थांबा, बाई. आधी वजन करू द्या."

"कशाचं?"

"पातेल्याचं. त्याच्याच वजनाचं तेल कमी पडलंय साबणात. ते तुम्ही नेलंत तर मी तेल किती घालू?"

पोलीस बाईने तिच्याकडे पाहिलं. पाठीवर किसणीच्या भोकांची रक्ताळलेली नक्षी, दंडावर फोड, एक हात बरगडीवर, आणि चेहऱ्यावर घाण्याची काळजी.

"धुवायचं नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही धूत. रक्ताचं असं कितीसं वजन असणार."

पोलीस बाईने स्वतःच्या हाताने पातेलं काट्यावर ठेवलं. सगळे आकड्याकडे वाकले, शिंपीणकाकू कात्रीसकट. शिपायाने तो मोठ्याने वाचला. आणि धाकटी, जी तोवर ओठाला ओलं फडकं लावून कोपऱ्यात उभी होती, ती पुढे आली.

"यातून मगाशी घातलेलं तेल वजा करायचं," ती फडक्याआडून म्हणाली. "हलक्या पातेल्याएवढं घातलंय ना आधीच. उरेल तेवढंच घालायचं आता."

"बघा," थोरली पोलीस बाईला म्हणाली. का म्हणाली, तिलाही सांगता आलं नसतं.

टाके घालून, बरगड्या बांधून दोघी दवाखान्यातून परत आल्या तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. धाकटीने आत आल्याबरोबर अडसर टाकला. तो माणूस दवाखान्यात पोलिसांच्या पहाऱ्यात पडला होता आणि त्याचा तो हात पुन्हा कुठल्या कुलपात काडी घालेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं, तरी टाकला.

टोपातला साबण थिजून दगड झाला होता. पुन्हा पाणी, पुन्हा मंद आच. थोरलीला उभं राहवेना, म्हणून ती पाय ठोकून जोडलेल्या स्टुलावर भिंतीला टेकून बसली, आणि धाकटीने काट्यावर हलकं पातेलं ठेवलं, बटण दाबलं, आकडा शून्यावर आलेला वाकून बघितला.

थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. तो शब्द तिच्या ओठावर आला होता.

"शून्य केलं," धाकटी न विचारता म्हणाली.

"हं. ओत."

तेल पडलं. ढवळता ढवळता टोपातला पांढरा खरबरीत लगदा हळूहळू चमकायला लागला, डावावरून पदर सुटावा तसा सुटायला लागला. धाकटीने थोडं बशीत काढलं, निववलं, बोट लावलं, जिभेला लावलं. आणि कळवळून ओठ धरला.

"चावतंय?"

"कळत नाही. ओठच चावतोय."

थोरलीला हसू आलं, आणि हसल्याबरोबर बरगडीत अशी कळ गेली की डोळ्यांतून पाणी. "इकडे आण बशी."

तिने बोट लावलं. जिभेच्या शेंड्यावर ठेवलं. थांबली. मग पुन्हा लावलं, जिभेच्या मधोमध. बुळबुळीत, कडवट, बेचव, साबणाची चव. बाकी काही नाही.

"ओत साच्यात," ती म्हणाली.

धाकटी डाव डाव साच्यात भरत राहिली. शेवटचा साचा पुसून तिने बाजूला सारला, आणि थोरलीकडे पाठ करून म्हणाली, "ताई, अजून एक आहे."

"काय?"

"त्या दिवशी पाणीपण मी अंदाजेच घातलं होतं. मोजलंच नव्हतं."

"काय?" थोरली स्टुलावरून अर्धी उठली. "अगं बये! सबंध घाणा माझ्या जिवावर उठवून आता सांगतेस? कॉस्टिकमध्ये पाणी अंदाजे? हात उडाले असते तुझे, हात!" आणि बोलता बोलता ओट्यावरचा डाव तिच्या हातात आला, आणि हात वर गेला, कारण थोरली बोलायची तीच मुळी हातवारे करून, गप्प बसायचं असेल तरच तिचे हात खाली असत.

डाव तिच्या डोक्यावर तसाच राहिला.

धाकटीने डावाकडे पाहिलं. खाली वाकली नाही. कोपर वर आलं नाही.

"ताई, टपकतंय," ती म्हणाली. "तुझ्या केसांत."